पोट दुखत होतं म्हणे

आम्ही इकडे उत्तरेतले, बिर्लानगरचे. वडील मिलमध्ये होते, त्यांच्या आधीचे सगळे फौजेत, दक्षिणेतून आलेले, कोणत्या गावाहून ते आता कोणालाच मालूम नाही. आणि माझी आई, काय सांगू तुम्हाला, मोहल्ल्यातली कोणी सवाष्ण गेली की आईलाच बोलावणं यायचं, शेवटची आंघोळ घालायला, हिरवं लुगडं नेसवायला, ओटी भरायला. तिचे हात थकले, मग मी जायला लागले. लोक घाबरतात, मी नाही घाबरत, मेलेल्या माणसानं मला कधी शिवी दिली नाही, जिवंत माणसांनी पुष्कळ दिल्या.

पण एक गोष्ट हळूहळू लक्षात यायला लागली. म्हातारी गेली तर घरचे सगळं सांगतात, शुगर होती, लकवा झाला होता, सांगता सांगता चहा पाजतात. आणि एखादी पंचविशीतली सून आपल्या हातानं गेली, पोलीस वगैरे सगळं होऊन घरी आणली, की घर कोणतंही असो, उत्तर एकच, पोट दुखत होतं म्हणे. आता सुनांचीच पोटं दुखतात का हो? सासवांची नाही दुखत? मिल बंद झाली तेव्हा पुरुष पण गेले, कमावते, घरी बसलेले, त्यांची तब्येत खराब होती म्हणे. आता शिकणारी मुलं जातात. पण सुनांचं कधी थांबलंच नाही, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या, आणि मी ओटी भरताना मनात म्हणायची, बाई गं, जिवंतपणी कोणी विचारलं होतं का तुला?

तर मी आमच्याच शहरात, हरिशंकरपुरम कॉलनीत एका घरी पोळ्या करायची. तिथली सून पूजा, माहेर तिचं इथंच मुरारला, नवरा नोकरीला नोएडाला, आणि मूल नाही म्हणून सासू रोज काहीतरी टोचून बोलायची. पूजा माझ्याजवळ येऊन रडायची. मागच्या हिवाळ्यात तिचं रडणं बंद झालं, एकदम शांत झाली, आणि मला ते बिलकुल आवडलं नाही. एका दुपारी तिनं लग्नातली पैठणी आणून ओट्यावर ठेवली, मौसी, तुमच्या मुलीला द्या, मुझे अब क्या करना है. मी सासूला म्हटलं, वहिनी, हिला काय झालंय? त्या टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या, काही नाही हो, पोट दुखतं तिचं.

गॅस बंद केला, पोरीचा हात धरला आणि सरळ विचारलं, पूजा, मरायचं मनात येतं का? सासू धावत आली, काय अभद्र बोलता, भलतंसलतं डोक्यात घालता तिच्या. मी म्हटलं, वहिनी, विचारल्यानं कोणी मरत नाही, न विचारल्यानं गेलेल्यांना मी आंघोळ घातली आहे. आणि तेव्हा पूजा हळूच म्हणाली, हां मौसी, रोज.

तिच्याच फोनवरून तिच्या भावाला बोलावलं. सासू म्हणे, उद्या बघू, आज पाहुणे यायचे आहेत, आमची इज्जत काय राहील. मी म्हटलं, मी उठत नाही. मुरार काही लांब नाही, पण त्या दिवशी भाऊ येता येईना, सासू दोनदा म्हणाली तिला खोलीत जाऊन पडू दे, मी हात सोडला नाही. पोरीला दुखलं असेल, इतका घट्ट धरला होता. भाऊ आला, आणि आम्ही तिला थेट मनाच्या डॉक्टरकडे नेलं.

ते काम माझं सुटलं. घर मोडलं म्हणतात मी, म्हणू देत. पूजा आता माहेरी असते, औषधं चालू आहेत, लहान मुलांच्या ट्यूशन घेते. सगळं ठीक झालं असं नाही हो. कधी फोन येतो, मौसी, आज दिन खराब है, की मी हातातलं टाकून मुरारचा टेंपो पकडते.

परवा संक्रांतीला आली, वाकून नमस्कार केला. तोंडात अखंड सौभाग्यवती हो आलं होतं माझ्या, ते तिथंच गिळलं. म्हटलं, पोरी, म्हातारी हो. दात पडेपर्यंत म्हातारी हो.