कप्तान रोशमेलची दुर्बीण

—नाही बाय, दुर्बीण माझ्याकडे नाही. बसा, चहा घ्या, पण नाहीच ती. फोटो? तो आमच्या नातीनं, मेहेकनं काढलेला. शराफियातलं माझं हे कल्हईचं दुकान ती उठता-बसता मोबाइलवर टाकते — अरबांच्या कॉफीच्या किटल्या, माझी भट्टी, माझी टोपी सुद्धा. फळीवर काही पितळी दिसत असेल. पितळेच्या दुकानात काय सोनं दिसणार? आणि पुण्याहून थेट जेद्दाला आलात, मेलेल्या फरासिस, म्हणजे फ्रेंच, कप्तानावर पुस्तक लिहायला — असेल बुवा. मी अडाणी माणूस. पण कस्टमवालेही असेच गोड बोलतात. पिशवी इकडे घ्या, त्या फडक्यापासून लांब. राख लागेल.

कप्तान रोशमेल ना? नाव ठाऊक आहे. आमच्या हर्णैच्या घरी त्याची सगळी लढाई तोंडपाठ. विसाव्या वर्षी सायगॉनच्या नदीत — पहिलं गाव जाळलं, पहिलं पदक. मग चीनचा किनारा, आणखी दोन. मग मादागास्कर. तुम्ही आणलेल्या त्याच्या फोटोत बघा ना छाती, पोळ्याचा बैल सजवलाय जसा! तुम्ही 'जाळलं' लिहिता का? नाही? 'मोहीम'. हं. कागदावर मोहीमच शोभते.

माझा खापरपणजा हाशिर त्याच्या जहाजावर. एडनला घेतलेला, पितळ घासायला. कड्या, दिवे, कप्तानाची दुर्बीण, सगळं त्याच्याकडे. कप्तानानं आपल्या वहीत काय लिहून ठेवलंय म्हणता? नोकराच्या हातून समुद्रात पडली? मग झालं तर, पडली! आमच्यात म्हणतात की कप्तानानं खूश होऊन बक्षीस दिली — हो, दोन्ही कसं खरं असेल… हुशार आहात. फार हुशार आहात.

बक्षीस कसलं, बाय. मादागास्करच्या किनाऱ्यासमोर जहाज उभं. पहाटेच्या दवानं काच आंधळी झाली, कप्तानानं खूण केली — पूस. आता पुसणारा डोळा लावून बघणारच की, त्याशिवाय पुसली कळणार कशी? तर काठावर एक बाई मासळी सुकत घालत होती. कडेवर पोर. अगदी आमच्या हर्णैसारखी, तशीच वाकलेली. आणि तोफेचा नेम तिथंच धरायचा होता. हाशिरनं दुर्बीण मिटली, लुंगीत खोचली, म्हणाला, पडली पाण्यात. — तोफ थांबली? छे हो. दुसरी दुर्बीण आली. कप्तान पुढे अ‍ॅडमिरल झाला, हाशिरला बेड्या घालून एडनला उतरवला. पण त्यानं पुसलेल्या काचेतून ती बाई मेली नाही. एवढंच. एवढंच त्यानं केलं.

तेव्हापासून घरात रीत पडली — परमुलखात जाणाऱ्यानं निघताना दुर्बीण उलटी धरायची आणि घराकडे बघायचं. घर एवढंसं, कुठच्या कुठं. एकदा तसं बघितलं की पुढचं लांबपण सोसतं म्हणतात. त्रेचाळीस वर्षांपूर्वी मीही बघितलं. काचेला तडा आहे ना बारीक, तर उंबऱ्यातली माझी बायको, आमिना, दोन दिसत होत्या. अजूनही त्या तड्यातून कुणी बघितलं की—

आहे म्हणालो? होता. होता तडा. म्हातारा माणूस, जीभ घसरते.

शुक्रवारी माझं खुरूज आहे, कायमचा परत चाललो. इकामा, इथं राहायचा परवाना, रद्द झाला. मेहेक इथंच राहणार, इथंच जन्मलेली पोर. विमानतळावर ती मागे उभी असेल, तेव्हा मी तिच्याकडे कशातून बघू, सांगा? तुम्ही म्हणता पॅरिसच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवू. खाली नाव कुणाचं? कप्तानाचं. हाशिरचं लिहाल? …बघा. नजर फडक्याकडेच.

हात काढा फडक्यावरून. काढा, बाय. वहीत समुद्रात पडली लिहिलंय ना? तुम्हीही तेच लिहा — खलास. अजान होईल आता, दुकान मिटायचंय. चप्पल तिकडे, दाराशी. जा.