खांद्याला प्लॅस्टिकची बाही

आई : ही पिशवी कापली कुणी? बगलेत नुसत्या चुण्या पडल्यात.

मुलगा : आई, हा ब्लाउज नाहीये. गॅस बाहेर जाऊ नये, एवढंच बघायचं.

आई : बत्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि माझ्या वाट्याला ही बाही! आत सोडतोस काय, तर सोड्याच्या बाटलीतला वायू.

मुलगा : कार्बन डायऑक्साइड. जेल लावलं की तो कातडीतून आत जातो. शरीराला वाटतं इथे प्राणवायू कमी पडतोय, म्हणून ते जास्त रक्त धाडतं. खांद्यातला फाटलेला स्नायू भरून यायला मदत होते.

आई : म्हणजे शरीराला फसवायचं. त्यासाठी पाच वर्षं कॉलेजात होतास होय!

मुलगा : झालं, काढली पिशवी. आज दुखणं दहापैकी किती?

आई : दोन. लिही, आणि तुझ्या साहेबांना दाखव.

मुलगा : आधी आठ होतं. हात वर कर बघू.

आई : आत्ताच गॅस प्यायलाय तो. जरा पचू दे.

मुलगा : केस का कापलेस?

आई : फॅशन.

मुलगा : साठाव्या वर्षी?

आई : विसाव्या वर्षी तुझी आजी कापू देत नव्हती.

मुलगा : वेणी घालायला हात मागे जात नाही, म्हणून कापलेस. खरं सांग, किती दुखतं?



आई : आठ. शिलाई मशीनवर बसले की नऊ.

मुलगा : मग महिनाभर हे काय चाललंय?

आई : तुझे साहेब दवाखान्याच्या दारात उभं राहून म्हणाले, गुण आला नाही तर हे गॅसचं यंत्र परत, आणि यंत्रवालाही. माझा खांदा गेलाय, कान नाही.

मुलगा : घोट्याच्या दोन पेशंटना खरंच गुण आलाय. खांद्याचं मात्र तुझ्यावरूनच ठरवत होतो. तुझा ‘दोन’चा आकडा धरून काल एका पोस्टमनला म्हटलं, खांद्याचं ऑपरेशन पुढे ढकला.

आई : अरे देवा! त्याला फोन लाव. आधी लाव.

मुलगा : लावतो. आणि साहेबांना?

आई : त्यांना आठ सांग.

मुलगा : नोकरी गेली तर?

आई : तर दुकानात ये. कात्री धरायला माणूस लागणारच आहे मला.