काळ्या इंजिनाची पाटी

...नाही, पण मी म्हणतो, मोठ्या आत्यांचं नाव दिलं ना इंजिनाला? द्या! त्या आहेतच तशा, सुटायला वेळ लावतात, पण एकदा सुटल्या की थांबत नाहीत. धाकट्या मावशीचं दिलं? तेही द्या. वळण आलं की ते इंजिन घसरतं, मावशींना शोभतं. पण शेजारच्या दाढीवाल्याचं? अहो, तो फक्त एकदा शिडी मागायला आला होता हो! शिडी घेऊन गेला तो गेला, आणि इकडे त्याच्या नावाचं हिरवंगार इंजिन! मी काही म्हणालो का? नाही म्हणालो.

थांबा, तुम्हाला नीट सांगतो. आमचे सासरे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केला आणि वरच्या खोलीत रेल्वे मांडली. खोलीभर टेबल, टेबलावर रूळ, बोगदा, एक डोंगर, आणि टेबलाच्या मधोमध चौकोनी भोक. त्या भोकात स्टुलावर बाबा, सगळी बटणं हाताशी! बाकी आम्ही सगळे बाहेर, भिंतीला पाठ लावून. इंजिनं बाबा स्वतः बनवतात, पण नाव लगेच देत नाहीत हं. आधी चालवून बघतात. आठवडेच्या आठवडे. म्हणतात, "नाव मनात धरून इंजिन बनवू नये. ते कोणासारखं चालतं ते बघावं." मग एक दिवस दात कोरायचं ते जुनं यंत्र, तेच हो, घूंऽऽ करणारं, ते काढायचं आणि बोटाच्या पेराएवढ्या पितळी पाटीवर नाव कोरायचं. घरात ते घूंऽऽ सुरू झालं की माझ्या दाढा शिवशिवतात आणि मनात येतं... या वेळी तरी माझं असेल का?

हसू नका. माणसाला वाटतं हो!

आणि वाटायला कारण आहे. त्या टेबलाखाली कोण असतं? मी! मी शाळेत भूगोल शिकवतो. पण लग्नानंतर पहिल्या वर्षी दवाखान्याची बंद पडलेली घंटा मी दुरुस्त केली... दुरुस्त कसली, वायर सुटली होती, ती खोचली! तेव्हापासून मी घरातला वायरमन. गाडी थांबली की वरून बाबांचा शांत आवाज, "जावईबापू, जरा बघता का?" की मी चाललो रांगत. वर टाळ्या, चहा, हसणं, आणि खाली मी, तोंडात टॉर्च, नाकावर प्लायवूड! मी काही म्हणालो का? नाही म्हणालो.

मग आमचा साडू आला घरात. उंच, गोरा, बोलका. वर्षाच्या आत त्याच्या नावाची पाटी! लालभडक इंजिन, भोंगा सगळ्यांत मोठा, पाटी चकचकीत, 'धाकटे सरकार'. हा सगळ्यांना दाखवतोय, "बघितलंत का? वाचा ना, मोठ्यानं वाचा!" मी वाचलं. मोठ्यानं वाचलं! घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, खेळण्यातल्या इंजिनावरून कसले रुसता?" आता तिच्या नावाचं इंजिन आहे. तिला काय जातंय बोलायला!

एकच इंजिन बिनपाटीचं राहिलं होतं. काळं, बुटकं, भोंगा नाही, काही नाही. कुठलीही गाडी डोंगराशी आली की मागून हळूच येऊन टेकायचं, वरपर्यंत ढकलायचं, आणि परत बाजूच्या रुळावर जाऊन उभं राहायचं. मी एकदा जीव मुठीत धरून विचारलं, "बाबा, याचं नाव?" बाबा म्हणाले, "त्याचं झालंय." झालंय! म्हणजे तेही कोणाला तरी देऊन टाकलं! पोस्टमनला दिलं असेल, म्हटलं.

तर परवाच्या रविवारी साडूनं त्याच्या ऑफिसातली माणसं आणली बघायला, आणि धाकटे सरकार डोंगराच्या मध्यावर ठप्प. "जावईबापू..." आलोच! खाली शिरलो, आणि नेमकी कमरेत उसण भरली. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. मग सरळ समोर जिथे उजेड दिसला तिथून डोकं वर काढलं, तर कुठे? बाबांच्या भोकात, त्यांच्या गुडघ्याशी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आतून डोंगर बघितला. आणि नाकासमोर ते काळं इंजिन. त्याच्या आतल्या, बाबांकडच्या अंगाला पितळेची पाटी.

'जावईबापू'.

पुसून पुसून अक्षरं गुळगुळीत झालेली. म्हणजे जुनी. साडूच्याही आधीची!

मी हळूच विचारलं, "बाबा, बाहेरच्या बाजूला का नाही लावली?" बाबांनी बटणावरचा हात काढला नाही. म्हणाले, "धाकट्यांचं नाव लोकांनी वाचावं लागतं. तुमचं मी बसतो तिथून मला दिसलं की पुरतं." मग म्हणाले, "आणि तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला. खालीच तर असता."

खालीच तर असता! अहो, खालून पाटी कशी दिसेल? खालून चाकसुद्धा दिसत नाही!

पण खरं सांगतो, इतकी वर्षं जे साठलं होतं ते सगळं ओठांपर्यंत आलं. आता बोलावंच, म्हटलं... तेवढ्यात बाहेरून साडू, "अहो दादा, माझं इंजिन तेवढं बघताय ना? मंडळी खोळंबलीत!"

मी काही म्हणालो का?

कंबर धरली, वाकलो, गेलो परत खाली. वायर जोडली. वर खडखड झाली, काळं मागून टेकलं असणार, लाल हललं असणार, डोंगर चढलं असणार... टाळ्या काय, शिट्ट्या काय! "वा, धाकटे सरकार!" सगळ्यांना लाल दिसलं. बाबांना काळं दिसलं. आणि मला?

प्लायवूड!