कोर्बिनियानचा मातीचा मग

रिकाम्या बाटल्या परत करायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. एक गावातली खानावळ चालवणारी वाल्बुर्गा, दुसरी म्हाताऱ्या कोर्बिनियानची बायको रोझविता.

“रोझविता, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस.”

“सांग की.”

“आपल्या ब्रुअरीवाल्यांनी गेल्या हिवाळ्यापासून काळी बिअर बंद केलीय.”

“खपत नसेल.”

“कुठली खपतेय? माझ्या आजोबांच्या वेळी सगळी खानावळ काळीच प्यायची. वडिलांच्या वेळी पिवळी आली. मग ती पिल्स नावाची कडवट बिअर, मग गव्हाची. आता पोरं परत पिवळीवर आलीत, नाहीतर बिननशेची मागतात.”

“बरं, मग?”

“मग काय, तुझा नवरा रोज येऊन बसतो आणि म्हणतो, काळीच दे. नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याचा तो झाकणाचा मातीचा मग आहे ना, त्यात रंग कुठला दिसतोय? मी आपली पिवळी ओतते.”

“ठाऊक आहे मला.”

“कोणी सांगितलं?”

“त्यानेच, पहिल्याच दिवशी. वर म्हणाला, वाल्बुर्गाला बोलू नकोस, उगाच ओशाळेल.”

“आणि तरी रोज काळी मागतो मेला?”

“मीही तेच विचारलं. तर म्हणे, मागणाराच कोणी उरला नाही, तर ती पुन्हा बनवायचं कोणाच्या मनात येईल?”

“मग आज आला की काय देऊ त्याला?”

“पिवळीच दे. पण आधी विचार, काय हवंय.”