म्हाताऱ्या राजानं काय सांगितलं

सृष्टी : ...आणि मग राणी म्हणते, आपल्याला बाळ नाही ना, तर आपण घेऊन येऊ या.

रामकिसन : थांब जरा. ती सुतळी दे आधी. हां. पयल्या भागात तर लगीन झालतं म्हणलीस.

सृष्टी : पहिल्या भागात लग्नच होतं, आज्जा. शेवटी सगळे नाचतात आणि संपतं. हा भाग दोन. काल टीव्हीवर लागला होता, तुम्ही घोरत होता.

रामकिसन : घोरत न्हवतो. डोळं मिटून ऐकत व्हतो. बरं, वाड्यात लेकरू न्हाय. मग?

सृष्टी : मग राजा-राणी रथात बसतात आणि लांब जातात, डोंगरापलीकडे. तिथं एका घरात पुष्कळ मुली राहतात. राणी त्यातल्या एकीला विचारते, येतेस का आमच्याकडे?

रामकिसन : आन् निघाली पोरगी लगेच?

सृष्टी : लगेच नाही. आधी विचारते, तुमच्याकडे कुत्रा आहे का?

रामकिसन : ह्ये तर तूच इचारलंस की गं! अमर आन् निकिता तुला संस्थेतनं आणाया गेली तवा. घरी येऊन अमर मला म्हणला, आबा, पोरीनं आपलीच परीक्षा घेतली.

सृष्टी : मी विचारलं होतं. पण तिनं पण विचारलं.

रामकिसन : बरं बरं. कडब्याची ती पेंढी सरकीव इकडं. उद्या येळवस, अवसंची रानातली पूजा. पाव्हणं यायच्या आत पूजंची ही कोपी उभी ऱ्हायाला पायजे. आन् तू ते दगूड रंगीव की. पाच हायती न्हवं?

सृष्टी : तीन रंगवले. चुना संपत आला.

रामकिसन : डब्यात पाणी घाल वाईच. पूजंतलं पांडव हायती ते, दोघांना तसंच काळं ठिवू नगंस. हां, फुडं?

सृष्टी : मग ती मुलगी राजवाड्यात येते. तिथं राजाचे वडील असतात. म्हातारा राजा.

रामकिसन : मिशा हायत का?

सृष्टी : पांढऱ्या.

रामकिसन : आन् काम काय करतो?

सृष्टी : काही नाही. सिंहासनावर बसतो.

रामकिसन : निस्ता बसून खातो? मग ज्वारीला पाणी कोण देतं?

सृष्टी : आज्जा, तुम्ही मधेच बोलता! राजवाड्यात ज्वारी नसते.

रामकिसन : ज्वारी न्हाय तर कसलं आलंय राज्य. बरं, ऱ्हायलं. न्हाय बोलत.

सृष्टी : मग काही महिन्यांनी एक बाई येते. तिला निळे पंख असतात. मोरावर बसून येते. मुलगी नीट आहे का ते बघायला.

रामकिसन : मोरावर? तिकडं येष्टी नसंल.

सृष्टी : आज्जा!

रामकिसन : गप बसलो.

सृष्टी : तिच्याकडे वही असते. ती म्हाताऱ्या राजाला विचारते, मुलगी कशी आहे? तर म्हातारा राजा म्हणतो...

रामकिसन : काय म्हणतो?

सृष्टी : म्हणतो, काय सांगू बाई, लई वांड हाय. निस्ता डोक्याला ताप. कुणाचं म्हणून ऐकत न्हाय.

रामकिसन : आता? राजा आपल्यासारखा बोलतो व्हय? मग काय करती ती मोरावरची?

सृष्टी : वहीत लिहिते. मग लाईट गेली. पुढचं मला माहीत नाही.

रामकिसन : काल लाईट गेलीच न्हवती. सृष्टे, इकडं बघ. तो डबा ठिव खाली. ह्ये शिनेमातलं हाय का तुज्या मनातलं?

सृष्टी : थोडं सिनेमातलं आहे.

रामकिसन : कुठवर?

सृष्टी : राजवाड्यात येते तिथवर. मोर माझा आहे.

रामकिसन : आन् म्हातारा राजा?

सृष्टी : तुम्ही रागावाल.

रामकिसन : न्हाय रागवत. आईशप्पथ.

सृष्टी : दिवाळी झाल्यावर संस्थेतल्या मॅडम आल्या होत्या ना, मला बघायला. मम्मी चहा करत होती. मी कणगीच्या मागं होते. मॅडमनी तुम्हाला विचारलं, सृष्टी कशी आहे? आणि तुम्ही तसं म्हणालात. मग त्यांनी वहीत लिहिलं. मी बघितलं, दोन ओळी लिहिल्या.

रामकिसन : आगं माजे बाय!

सृष्टी : म्हणून मी आता चिंचेवर चढत नाही. ओरडत पण नाही. कारल्याची भाजी दोनदा मागून घेतली. मॅडम पुन्हा येतील तेव्हा तुम्ही म्हणाल, आता सुधारली.

रामकिसन : आरं देवा... आन् म्या काय समजलो! म्हणलं, एवढी उड्या मारणारी पोर अशी गपगार कशी झाली? म्हणलं, दिवाळीत नवा फ्रॉक घालून गावभर हिंडली, कुणाची तरी नजर लागली. तीन बाऱ्या मीठ-मिरच्या ववाळल्या तुज्यावरनं. चुलीत टाकल्या तर ठसका न्हाय का काय न्हाय. तुज्या मम्मीला म्हणलो, लई मोठी नजर हाय ही.

सृष्टी : मला वाटलं तुम्ही वांडपणा जायला करताय.

रामकिसन : वांडपणा जाया मिरच्या कशाला, काठी पुरती. आगं, ऐक. बस हितं पेंढीवर. आपल्यात आपल्या लेकराला परक्यापुढं चांगलं म्हणत न्हाईत. दृष्ट लागती. लेकरू आजारी पडतं. तुज्या पप्पाला म्या लगीन हुईस्तवर गाढव म्हणत व्हतो.

सृष्टी : अजून म्हणता.

रामकिसन : आता खरंच हाय म्हणून म्हणतो. शेजारच्या शांतलिंगच्या नातवाला काय म्हणतो म्या?

सृष्टी : गुणाचं लेकरू.

रामकिसन : का? माजं न्हाय म्हणून! लागली नजर तर शांतलिंग बघून घील. माजं असतं तर म्हणलो असतो का?

सृष्टी : पण मॅडमना हे कुठं माहीत आहे? त्यांनी तर लिहून नेलं.

रामकिसन : नेलं तर नेलं. कागद काय बोलतोय?

सृष्टी : बोलतो. संस्थेत दैवशालाताई होती. तिला एक मम्मी-पप्पा घेऊन गेले होते. आणि थोड्या महिन्यांनी परत आणून सोडलं. ते म्हणाले, जमत नाही. तिच्या फ्रॉकला नवीन गुंड्या होत्या, चमकणाऱ्या. ती चार दिवस कुणाशी बोललीच नाही. माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायची. आज्जा, तुमच्या डोळ्यात चुना गेला का?

रामकिसन : व्हय. जरा गेला. फोन काढ माज्या खिशातला.

सृष्टी : कशाला?

रामकिसन : मॅडमचा नंबर निकितानं टाकलाय त्यात. लाव.

सृष्टी : नको. नको आज्जा. फोन केला की त्यांना आठवण होईल आणि त्या येतील.

रामकिसन : येऊ दे की. रानात हाय म्या, हातात कोयता हाय. लाव म्हणतो न्हवं! मला बारकी अक्षरं दिसत न्हाईत, न्हायतर म्याच लावला असता.

सृष्टी : तुम्ही काय बोलणार ते आधी सांगा.

रामकिसन : खरं बोलणार.

सृष्टी : ...लागला. वाजतोय. घ्या.

(फोन स्पीकरवर आहे. सृष्टी आज्जाच्या पाठीमागं जाऊन उभी राहते.)

मॅडम : हॅलो, शिवकांता बोलतेय. कोण?

रामकिसन : म्या रामकिसन, जळकोटहून. सृष्टीचा आज्जा.

मॅडम : नमस्कार आजोबा! सगळं ठीक ना? सृष्टी बरी आहे?

रामकिसन : तेच सांगाया फोन केलाय. तुमी आला तवा म्या म्हणलो, पोरगी वांड हाय, डोक्याला ताप हाय. ते खोटं बोललो. तुमच्या वहीतलं खोडा.

मॅडम : बरं. मग खरं काय लिहू?

रामकिसन : खरं म्हंजे... पोरगी... आवं, तोंडातनं निघंना झालंय. सत्तर वर्सं झाली, कवा असं बोललोच न्हाय.

सृष्टी : आज्जा, राहू द्या.

रामकिसन : तू गप गं. लिवा मॅडम. पोरगी लई गुणाची हाय. माजा चष्मा कुटं पडलाय ते मला ठावं नसतं, हिला ठावं असतं. म्हशीचं नाव हिनं राजकुमारी ठिवलंय आन् आता म्हस त्या नावाबिगर धार देत न्हाय. आमची म्हातारी गेल्यापासनं मला कुणी दोनदा इचारत न्हवतं, जेवलात का म्हणून. ही तीनदा इचारती. लिवताय न्हवं?

मॅडम : लिहितेय आजोबा.

रामकिसन : हिच्याबिगर मला घास उतरत न्हाय. दुपारी शाळंतनं यायला उशीर झाला तर म्या फाट्यावर जाऊन उभा ऱ्हातो, आन् इचारलं तर म्हणतो बिडी आणाया आलतो. म्या बिडी दहा वर्सांमागं सोडलीया. ह्ये बी लिवा. आन् शेवटाला लिवा, ही पोर आमची हाय. हिला न्यायचं नाव काढायचं न्हाय कुणी.

मॅडम : आजोबा, पण तिला नेणार कोण? कलेक्टर साहेबांची सही झालीय, सगळे कागद तुमच्या अमरसिंहांकडे आहेत. सृष्टी तुमचीच आहे. मी नुसती भेटायला येते.

रामकिसन : मला म्हाईत हाय ओ. हिला सांगा. हितं माज्या पाठीमागं उभी हाय, माजा सदरा धरून.

मॅडम : सृष्टी, ऐकतेस ना गं? मी पुढच्या खेपेला येईन, मम्मीच्या हातचा चहा पिईन, आणि एकटी परत जाईन. एकटी आले, एकटी गेले. कळलं?

सृष्टी : ...हो.

मॅडम : आणि आजोबा, मी इथलीच आहे. नळदुर्गची. माझे आजोबा चारचौघांत मला वाळकी शेंग म्हणायचे. त्या दिवशी तुम्ही वांड म्हणालात तेव्हा मी वहीत काय लिहिलं, सांगू?

रामकिसन : सांगा.

मॅडम : ‘आजोबांना मुलीचा फार लळा आहे.’

रामकिसन : असं लिवलंय? मग मला एवढं बोलू कशाला दिलंत?

मॅडम : ऐकावंसं वाटलं. ठेवते. उद्याची वेळ अमावस्येची भज्जी माझ्या वाटची पण खा.

रामकिसन : कट झाला का?

सृष्टी : हो.

रामकिसन : बघ. बाई हुशार हाय. मोर न्हाय तिच्याकडं, पर हुशार हाय. आता सांग, खऱ्या शिनेमात म्हातारा राजा काय म्हणतो?

सृष्टी : खऱ्या सिनेमात म्हातारा राजा नाहीच. राजा, राणी आणि मुलगी. तिघंच.

रामकिसन : एवढ्या मोठ्या वाड्यात तिघंच? मग सकाळी पोरीला उठवतं कोण?

सृष्टी : नोकर.

रामकिसन : श्या! कसला शिनेमा म्हणायचा ह्यो. ऊठ, दोन पांडव ऱ्हायलेत तुजे. आन् रडू नगंस, चुना वघळतोय.

सृष्टी : आज्जा.

रामकिसन : आता काय?

सृष्टी : मॅडमना सांगितलं ते परत म्हणा ना. मला.

रामकिसन : एका दिसात दोनदा न्हाय म्हणायचं. उद्या म्हणतो.

सृष्टी : नक्की? आणि परवा?

रामकिसन : परवा बी म्हणतो.

सृष्टी : आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी?

रामकिसन : त्या दिशी शाळा हाय तुजी. घरी आल्यावर म्हणतो.