रूपालीचा राहिलेला निरोप

ओळखलं का मला? उगाच माना हलवू नका. तीन-तीन वर्षं माझ्या हातचं पाणी प्यालात, आणि आज आत येताना निम्म्यांनी मला विचारलंच असणार, "आजी, तुम्ही सरांच्या कोण?" इतिहासाच्या पेपरातही तुमचं असंच व्हायचं. मी तुमच्या शाळेतली मावशी. घंटा वाजवणारी. पाण्याच्या टाकीजवळ स्टुलावर बसणारी.

आपले हेडमास्तर सर गेले. तुम्ही एवढे जमलात, बरं वाटलं. मला उभं राहून बोलणं जमायचं नाही. चार शब्द झाले की घसा धरतो. म्हणून मी सांगितलं, नातीनं लिहून घेतलं, आणि तीच वाचतेय. मला अक्षर कळत नाही, पण मी शेजारीच बसलेय. पोरीनं माझ्या प्रत्येक 'हाय'चं 'आहे' केलंय, असा मला संशय आहे. तेवढं चालेल. बाकी काही गाळलं तर चिमटा काढीन.

संशय माझा जुना आजार. शाळेत नोकरीला लागले तेव्हा गुळाच्या वखारीमागं पत्र्याच्या चार खोल्या होत्या आणि बाहेर फळी, इंग्रजी शाळा म्हणून. मी म्हटलं, हे काही खरं दिसत नाही. पोरं शिरोलीची, पेठ वडगावची. घरात कुणाला इंग्रजीचा गंध नाही. ही पोरं इंग्रजी बोलणार कशी?

म्हणून मग बिल्ला निघाला. तो तरी विसरला नसाल! लाकडाचा, दोरीत ओवलेला. आवारात मराठी बोललं की गळ्यात बिल्ला. दुसऱ्या कुणाला मराठी बोलताना पकडलं, तरच आपला उतरायचा. शेवटच्या घंटेला ज्याच्या गळ्यात, त्यानं मागं थांबून पानभर इंग्रजी लिहायचं. एकच जागा मोकळी होती. टाकी. मावशीला इंग्रजी येत नाही, तेव्हा मावशीशी मराठी चालेल, असं सरांनीच ठरवलं होतं.

मग काय विचारता! तहान नसलेली पोरंही रांगेत. फुलपात्र तोंडाला लावायचं आणि बोलायचं. कुणाची आई आजारी, कुणाची एसटी रोज चुकते, कुणी सकाळपासून उपाशी. मी ऐकायची.

आणि दुसऱ्या दिवशी सगळं सरांना ठाऊक! एसटीवाल्या पोरांसाठी मला सांगायचे, "मावशी, घंटा जरा सावकाश द्या." उपाशी पोराला आपल्या डब्यासमोर बसवायचे. पोरं मात्र माझ्याकडं रागानं बघायची. मावशीनंच सांगितलं असणार म्हणून.

मी म्हटलं, कोण चहाड्या करतंय? क्लार्कवर संशय घेतला. खेळाच्या मास्तरांवर घेतला. ते आपले शिट्टी फुंकत असायचे बिचारे, पण त्यांची नजर मला सरळ वाटेना. शेवटी ठरवलं, टाकीजवळचं टाकीजवळच राहील. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. वर्षभर तोंड शिवून बसले.

त्याच वर्षी नववीत रूपाली होती. शिरोलीची. बाप फाउंड्रीत कामाला. पोरगी हुशार, पण इंग्रजी बोलताना मान खाली जायची. एक दिवस तिच्या गळ्यात बिल्ला होता, आणि सर तिला वर्गासमोर फार बोलले. फार म्हणजे फारच. त्या दिवशी त्यांचंही काही बिघडलं असेल.

मधल्या सुट्टीत ती टाकीजवळ आली. पाणी प्याली नाही. म्हणाली, "मावशी, पप्पांचा हात मशिनीत गेलाय. मम्मी मला आजोळी ठेवणार हाय. उद्यापासून मी येणार न्हाय."

मी म्हटलं, "मग हापिसात सांग की."

"तिथं इंग्रजीत सांगाय लागतंय. मला येत न्हाय एवढं. तू सांगशील सरांना?"

मी हो म्हटलं. वाच गं, थांबू नकोस. मी हो म्हटलं.

आणि सांगितलं नाही. माझा नियम होता ना. रोजच्यासारखे सर अकराला आले, पाणी मागितलं, विचारलं, "मावशी, गुडघा काय म्हणतोय?" मी म्हटलं, "बरा हाय." बस. एवढंच.

रूपाली आली नाही. दाखला न्यायलाही कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर बिल्ल्याची दोरी तोडली आणि तो माझ्या बंबात घालायला दिला. तुम्ही टाळ्या वाजवल्या. बिल्ला का गेला, हे तुम्हाला कुणाला ठाऊक नाही. सरांना वाटलं, आपण बोललो म्हणून पोरीनं शाळा सोडली.

आता चहाडखोर कोण, ते ऐका. पुढं एकदा सरांच्या घरी वैनीसाहेबांकडं माझं हे गाऱ्हाणं काढलं. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "अहो मावशी, हे रोज अकराला तुमच्याकडं पाणी प्यायला येतात, ते तहानेनं येतात होय? गुडघ्याचं विचारलं की तुम्हीच सगळ्या शाळेचं सांगत सुटता!"

मीच! सर गुडघा विचारायचे, आणि मी म्हणायची, "गुडघ्याचं काय घेऊन बसलाय, त्या आठवीतल्या पोराची आई..." की झालं सुरू. सगळ्यांवर संशय घेतला, एक स्वतःवर तेवढा घ्यायचा राहिला.

तेव्हा तरी सांगायचं की नाही? नाही सांगितलं. मनाला म्हटलं, बिल्ला गेला, बरं झालं, आता कशाला उकरा. असं म्हणत म्हणत सर निवृत्त झाले, मी निवृत्त झाले.

गेल्या महिन्यात त्यांना बघायला गेलते. अंथरुणाला खिळलेले. आवाज पार खाली. आणि विचारलं काय? "मावशी, त्या रूपालीला मी फार बोललो काय हो?"

मी म्हटलं, "मला काय ठावं, सर. तुम्ही औषध घ्या."

ते बघत राहिले माझ्याकडं. कॉपी करणाऱ्या पोराकडं बघायचे तसं. पकडायचं आणि न बोलता पुढच्या बाकाकडं जायचं, ही त्यांची रीत. त्यांना कळलं होतं का? मला संशय आहे. पण संशयानं भागत नाही. सांगायचं होतं, ते सांगितलं नाही.

म्हणून आज सांगते. सर, रूपाली तुमच्या बोलण्यानं गेली नाही. बापाचा हात गेला म्हणून गेली. तिनं निरोप दिला होता. तुम्हाला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या दारात उभे असता. मी पोचवला नाही. वैनीसाहेब पुढंच बसल्यात. वैनीसाहेब, तुम्हीही ऐका. त्यांनी इतकी वर्षं जे उरावर वागवलं, ते माझं होतं.

आता सगळे उभे राहा. माझे गुडघे धरतील तोवर मीही उभी राहते. सरांसाठी गप्प राहायचं. मी हात खाली करेपर्यंत कुणी बोलायचं नाही, इंग्रजीतसुद्धा नाही.

आणि मग घरी गेल्यावर एक करा. हार-फुलं पुरे झाली. वैनीसाहेबांच्या घरात सर गेल्यापासून चूल पेटलेली नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, मी ओट्यावर हात फिरवून बघितलंय. आजची भाकरी मी देते, उद्यापासून तुम्ही वार वाटून घ्या. ज्वारीची मऊ भाकरी, मुगाचं वरण, लसणाची फोडणी. तिखट बेतानं, कोल्हापूर दाखवायला जाऊ नका. त्या म्हणतील, "मी जेवले." विश्वास ठेवू नका. समोर बसा, आणि डबा रिकामा झाला की मगच उठा.