सात फेऱ्यांनंतर

नाही, नाही, साहेब, हात काढा तिथून! मी धरतो म्हणे — ही सळई म्हणजे काय छत्रीची दांडी आहे? बसा तुमच्या स्टुलावर. वहिनी दोन बोल्ट आणायला कोपऱ्यावर गेल्यात, त्या आल्या की अर्ध्या तासात तुमचं शटर सुरू. — काय म्हणालात? बाईमाणूस आणि शटरचं काम? सगळे हेच विचारतात. दोन वर्षं झाली, माझ्या जोडीला वहिनीच असतात. थोरल्या भावाची बायको. दादा गेला ना. — हो, ह्याच कामात. अशीच स्प्रिंग भरताना.

अहो, दीडशे किलोचं शटर तुम्ही रोज एका हाताने वर ढकलता, ते काय तुमच्या दंडाच्या जोरावर? संध्याकाळी तुम्ही ते खाली ओढता, तेव्हा त्याचं वजन ह्या पाइपातल्या स्प्रिंगला पीळ देतं. खाली पडायचा जो जोर, तो कुठे जात नाही, पिळात जाऊन बसतो. सकाळी स्प्रिंग सुटत सुटत तोच जोर परत करते, शटर वर जातं आणि तुम्हाला वाटतं आपण पैलवान! पण पहिला पीळ आमचा. आम्ही सकाळी पोटात घातलेलं दंडात येतं, दंडातून सळईत, सळईतून स्प्रिंगमध्ये. अकरा फेरे भरायचे असतात. तुमचे सात झालेत. सळई साखळीने बांधून ठेवलीय म्हणून मी तुमच्याशी गप्पा मारतोय, पण आत सात फेरे दबा धरून बसलेत — ना आवाज, ना हालचाल. हात लावून बघाल तर नुसतं गार लोखंड.

ही चकती बघा, चार भोकं आहेत. मी एका भोकात सळई घालून पाव फेरा ओढतो आणि धरून राहतो. पलीकडच्याने पुढच्या भोकात त्याची सळई घालायची, अंगावर भार घ्यायचा आणि मोठ्याने म्हणायचं — ‘धरलं’. ते ऐकल्याशिवाय मी माझी सळई सोडायची नाही. मग तो ओढणार, मी धरणार. मध्ये हा एवढा पाइप, एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसती बोटं दिसतात. म्हणून तो शब्द. दादाने पहिल्या दिवशी मला तेच शिकवलं, बाकी सगळं नंतर.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं कसं? — घाई! दादाला घाई फार. मी धरायच्या आधीच त्याने सोडली. नऊ फेरे होते आत, साहेब. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याचीच सळई उलटी फिरली. पिळातल्या थोड्या जोराचा आवाज झाला, थोड्याने चकती तापली — नंतर हात लावला तर चटका बसला मला — आणि उरलेला सगळा दादाच्या कपाळात. मी ‘थांब’ म्हणून ओरडलो होतो, पण... वहिनींना हेच सांगितलं. पोलिसांनाही हेच. वहिनी अजून त्याच्यावर चिडून आहेत. मेलेल्या माणसावर! पोरीला सांगतात, तुझ्या बापाला दोन क्षण धीर नव्हता, आपल्याला उघड्यावर टाकून गेला. आणि मला म्हणतात, भाऊजी, त्यांच्या घाईपायी तुमच्यावर दोन घरांचा भार पडला. — असं म्हणतात, आणि मी जेवत असतो समोर. ताट तसंच ठेवून उठतो हो.

कारण तेव्हा आमचा अबोला होता. कशावरून? हसाल तुम्ही. एका गिऱ्हाइकासमोर दादा म्हणाला, ‘हा अजून शिकतोय.’ बारा वर्षं काम करत होतो मी त्याच्याबरोबर! डोकं फिरलं. तीन आठवडे एक शब्द नाही. एका घरात, एका ताटलीतून पापड मोडतोय — आणि निरोप वहिनींमार्फत. ‘त्याला सांग, उद्या मोठी शिडी लागेल.’ मी तिथेच बसलेलो! पण काम तर करायला हवं. मग ‘धरलं’च्या जागी आम्ही टकटक काढली. सळईवर पान्याने एक टक् — म्हणजे धरलं. चाललं की तीन आठवडे, झकास चाललं.

त्या दिवशी मी सळई भोकात घालतच होतो आणि पाना खिशातून निसटून शटरच्या पट्टीवर आपटला. टक्. बस्, एवढंच. दादाची बोटं सैल व्हायला लागली — एकदम नाही हो, एकेक बोट, तो कधीच घाई करायचा नाही, सगळं सावकाश — आणि मला दिसत होतं. ‘थांब’ म्हणायला वेळ होता, साहेब. तोंड उघडलंही होतं मी. आणि मनात काय आलं माहितेय? की आधी बोलायचं त्याने. मी नाही आधी बोलणार.

ओरडलो ते नंतर.

हे मी तुम्हाला का सांगतोय? कुणालाच सांगि— वहिनी! कधी आलात? मिळाले का बोल्ट? ... द्या इकडे. बसवतो. ... साहेब, तुम्ही जरा बाहेर व्हा. नाही, आत्ता काही विचारू नका, बाहेर व्हा म्हटलं ना!

वहिनी, चार फेरे राहिलेत. तेवढे करू आणि मग... मग घरी बोलू. चालेल? — चढा शिडीवर. साखळी सोडतोय मी. हं. ओढली बघा. घाला तुमची. ... घातलीत? बोटं दिसतायत तुमची, पण भार घेतलाय की नुसती टेकलीत, ते मला कसं कळणार? ‘धरलं’ म्हणा ना. ... वहिनी, माझा हात भरून आला. ... वहिनी, बोला हो काहीतरी.